एक्सेलमधला तारखांचा आलेख का चुकतो? माझा एक अनुभव



एक्सेलमध्ये आलेख काढणं आता आपल्याला नवीन राहिलेलं नाही. एका रकान्यात तारखा, शेजारी संख्या, दोन्ही निवडायचे, इन्सर्टमध्ये जाऊन रेषालेख काढायचा. दोन मिनिटांचं काम. पण या दोन मिनिटांच्या कामाने मला एकदा भर बैठकीत तोंडघशी पाडलं. तीच गोष्ट आज सांगते, म्हणजे तुमच्यावर तशी वेळ येणार नाही.

मी बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. आमचे बहुतेक पालक ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा झाला की ट्रॅक्टर आणि ट्रक गावात येऊ लागतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. आईबाप गेले की मुलंही जातात. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहू शकतात, पण त्यासाठी गावात हंगामी वसतिगृह, म्हणजे निदान दोन वेळच्या जेवणाची सोय, वेळेवर सुरू व्हावी लागते. २०२३ सालचा हंगाम संपल्यावर शाळा व्यवस्थापन समितीत हाच विषय होता. मुलं नेमकी कधी जातात हे आकड्यांत दाखवायचं मी ठरवलं.

आदल्या रात्री साडेअकराला मी हजेरीपटातून पाचवी ते सातवीची उपस्थिती काढली. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीचा एक दिवस घेतला: ३ जुलै ४१, ७ ऑगस्ट ४०, ४ सप्टेंबर ४१, ३ ऑक्टोबर ४०, ६ नोव्हेंबर १९, ४ डिसेंबर १७. आडव्या अक्षावर फक्त महिन्यांची नावं दिसतील असं केलं, आलेख काढला, प्रिंट घेतली आणि झोपले. महिन्यांची नावं मी नीट वाचलीच नाहीत.

बैठकीत कागद फिरला. एक आजी नातीला सोबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी नातीला महिने वाचायला लावले आणि रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मॅडम, एप्रिलला तर आमची माणसं फडावरून माघारी येतेत. तुमची रेघ तिथंच खाली पडली की!"

मी कागद हातात घेतला. खरंच, रेघ मार्चपासून सुरू होत होती, एप्रिलमध्ये कोसळत होती, जूनपर्यंत खाली राहून जुलैत वर चढत होती. हजेरीपट बरोबर होता आणि कागद पार उलटं सांगत होता.

काय झालं होतं? माझ्या संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मी ०६/११ लिहिलं सहा नोव्हेंबर म्हणून. एक्सेलने वाचलं अकरा जून. ०४/१२ चा झाला बारा एप्रिल. एक्सेलने कुठेच तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने या तारखा अगदी बरोबर होत्या. त्याने त्या क्रमाने लावल्या आणि रेघ ओढली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. एक्सेलसाठी तारीख हा एक अंक असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून दिवस मोजत पुढे. महाराष्ट्राची स्थापना झाली तो १ मे १९६० म्हणजे २२०३७. माझा ६ नोव्हेंबर २०२३ म्हणजे ४५२३६ हवा होता, पण आत बसला होता ४५०८८, म्हणजे ११ जून. तारखेच्या खणाचा फॉरमॅट 'जनरल' केला की हा अंक दिसतो. आलेखाच्या अक्षावर तारखेऐवजी असले ४५ हजारांतले आकडे आले, तर घाबरू नका. तारीख आत ठीक आहे, फक्त फॉरमॅट 'डेट' करायचा राहिलाय.

मग मी असं केलं:

१. विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये जाऊन 'इंग्लिश (इंडिया)' निवडलं. गूगल शीट्समध्ये हेच काम फाइल, सेटिंग्ज, लोकेल इथे होतं.

२. चुकलेल्या तारखा पुसून पुन्हा लिहिल्या. हे विसरू नका. सेटिंग बदललं म्हणून आधीची चूक सुधारत नाही. ११ जून हा ११ जूनच राहतो, फक्त दिसतो वेगळा.

३. खात्रीसाठी २५ तारखेची एक नोंद करून पाहिली. महिने बाराच असल्यामुळे चुकीच्या पद्धतीत २५ हा महिना होऊच शकत नाही, आणि ती नोंद नुसता मजकूर बनून खणाच्या डाव्या कडेला चिकटते. खरी तारीख उजवीकडे बसते. माझ्या सगळ्या तारखा बाराच्या आतल्या होत्या, म्हणून तर मला काही कळलं नाही!

आता रेघ नोव्हेंबरमध्ये पडली. पण आजींच्या त्या प्रश्नानंतर मला महिना पुरेना. नेमका दिवस हवा होता. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता. म्हणून २५ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर या काळातली रोजची हजेरी मी त्याच तक्त्यात मधे घातली. या वेळी तारखा हजेरीपटात लिहितो तशाच टिंब देऊन लिहिल्या. आलेख आला. उपस्थिती हळूहळू, आलेखाच्या अर्ध्याहून जास्त रुंदीत उतरत गेलेली. जणू मुलं सावकाश शाळेपासून दूर जात होती.

तो आलेख मी सातवीच्या मुलांना दाखवला आणि तोच आलेख कागदावर काढायला सांगितला. एक घर म्हणजे एक दिवस. मुलांनी जुलैपासून घरं मोजत बिंदू मांडले आणि एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ही रेघ तर भितीवानी सरळ खाली येती." त्याचंच बरोबर होतं. टिंबाच्या तारखा एक्सेलने मजकूर समजल्या होत्या. मजकूर असला की एक्सेल सगळ्यांना सारखं अंतर देतं: जुलै ते ऑगस्ट जेवढं, तेवढंच २५ ते २६ ऑक्टोबर. बारा दिवसांची घसरण त्यामुळे महिन्यांएवढी लांब दिसत होती.

उपाय सोपा आहे. तारखांचा रकाना निवडा. डेटामध्ये 'टेक्स्ट टू कॉलम्स', दोनदा 'नेक्स्ट', मग 'डेट' आणि त्यात 'डीएमवाय', शेवटी 'फिनिश'. तारखेआधी 'दि.' लिहिलं असेल तर ते आधी 'रिप्लेस'ने काढून टाका. मग आलेखाच्या आडव्या अक्षावर उजवं क्लिक करून 'फॉरमॅट ॲक्सिस' उघडा, 'डेट ॲक्सिस' निवडा आणि बेस युनिट 'डेज' ठेवा. ते 'मंथ्स' राहिलं तर एका महिन्याचे सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत अडकतात. गूगल शीट्समध्ये 'ट्रीट लेबल्स ॲज टेक्स्ट' वरची खूण काढा.

आणखी एक. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत हजेरीच्या खणात शून्य लिहू नका, खण रिकामा ठेवा. शून्य म्हणजे शाळा होती आणि कुणीच आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा. रेघ सावकाश उतरत असेल तर वाचणारा म्हणतो, पालकांना समजावा, मुलांना शाळेची गोडी लावा. रेघ बारा दिवसांत कोसळत असेल तर कळतं की गाडी आली आणि मुलं गेली. गोडी लावायला इथे वेळच नसतो. जेवणाची सोय दसऱ्याच्या आधी हवी, नोव्हेंबरअखेर सुरू केली तर तोवर मुलं कोप्यांवर पोहोचलेली असतात.

पुढच्या बैठकीत तो दुरुस्त आलेख आम्ही प्रस्तावाला जोडला, आणि सप्टेंबरपासूनच घरोघर जाऊन कोणतं मूल कुणाजवळ राहू शकेल त्याची यादी केली. सगळी मुलं काही थांबली नाहीत. ज्यांच्या घरी मागे कुणीच नव्हतं, ती गेलीच. त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक दिलं, जिथे जातील तिथल्या शाळेत दाखवायला. आजींची नात मात्र राहिली. आता नवीन आलेख काढला की पहिली प्रिंट मी तिच्याच हातात देते आणि महिने मोठ्याने वाचायला सांगते.

पालकहो, शाळेत असा कागद तुमच्या हाती आला तर तुम्हीही महिने वाचा, आणि पटलं नाही तर विचारा.