लहानपणाचा साक्षीदार

ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे मी एडीएचडीच्या, म्हणजे अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता या विकाराच्या, तपासणीसाठी गेले, त्यांनी पहिल्या भेटीत निदान सांगायला साफ नकार दिला. मी मोबाइलवर सोडवलेली प्रश्नावली त्यांच्यापुढे धरली होती. जागतिक आरोग्य संघटनेची, प्रौढांसाठीची, १८ प्रश्नांची. तिच्या पहिल्या सहा प्रश्नांतच माझा निकाल लागल्यासारखा मला वाटत होता. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाल्या, "ही नुसती चाळणी आहे. पुढे तपासायला हवं, एवढंच हिच्यातून कळतं. पुढच्या वेळी येताना लहानपणी तुम्हाला रोज बघणारं कुणीतरी बरोबर आणा. शाळेची प्रगतिपुस्तकं जपलेली असतील, तर तीही."

मी चाळिशीला टेकलेली, दोन मुलांची आई, ठाण्यातल्या एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करणारी. या वयात आईला बरोबर आणा म्हटल्यावर अवघडल्यासारखं झालं. पण त्या मागणीमागचं कारण त्यांनी समजावलं आणि ते मला पूर्ण पटलं. प्रौढ माणसाचं लक्ष न लागण्याला कारणं ढीगभर असतात. थायरॉइड बिघडलेलं असतं, रक्त कमी असतं, झोप पुरत नसते, नैराश्य असतं. एडीएचडी मात्र चाळिशीत नव्यानं उगवत नाही, ते बालपणापासून सोबत असतं. म्हणून डॉक्टर डीएसएम-५ या मनोविकारांच्या ज्या निदानपुस्तिकेतल्या निकषांवर निदान करतात, तिच्यात काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीच दिसलेली असावीत अशी अट आहे. २०१३ साली ही आवृत्ती येण्यापूर्वी ती मर्यादा सात वर्षांची होती. शिवाय लक्षणं एकाच ठिकाणी दिसून चालत नाहीत. घर, काम, शाळा यांपैकी किमान दोन ठिकाणी ती दिसावी लागतात आणि त्यांनी आयुष्य खरोखर अडलेलं असावं लागतं.

याआधी मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जात होते. त्यांना एकदा भीत भीत विचारलं, तर ते म्हणाले, "एम.कॉम. झालात, नोकरी टिकवलीत, तुम्हाला असलं काही असणार नाही." आणि चिंतेच्या गोळ्या चालू ठेवल्या. चिंता होतीच, ते खोटं नव्हतं. पण ती कशापायी होती, हे कुणी विचारलं नाही. जीएसटीचं विवरणपत्र महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. महिनाभर समोर असलेलं काम १९ तारखेच्या रात्री अंगावर यायचं आणि मग पहाटेपर्यंत मी ते बिनचूक करायचे. सकाळी साहेब शाबासकी द्यायचे. त्या शाबासकीसाठी मी किती रात्री जाळल्या, हे फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. एम.कॉम.सुद्धा तसंच झालं. पदवी हातात आहे म्हणून त्रास नाही, असा हिशेब मांडणाऱ्यांना ती पदवी केवढ्याला पडली हे दिसत नाही.

आई कराडहून आली. येताना ट्रंकेतून काढलेली प्रगतिपुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. मॅडमनी ती एकेक उघडून टेबलावर ओळीनं मांडली. गुणांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही, पेन्सिल शेऱ्यांवरून फिरत होती. 'बुद्धी चांगली, लक्ष नाही.' 'वह्या अपूर्ण.' 'वर्गात खिडकीबाहेर पाहत बसते.' 'गणितात निष्काळजीपणाच्या चुका.' शाई वेगळी, अक्षर वेगळं, बाई वेगळ्या, गुरुजी वेगळे, पण तिसरीपासून सातवीपर्यंत मुलगी तीच. एकमेकांशी न बोललेल्या माणसांनी तेच तेच लिहून ठेवलं होतं.

मग मुलाखत सुरू झाली आणि ती बराच वेळ चालली. अवधानाच्या न्यूनतेची नऊ लक्षणं, अतिचंचलता आणि उतावळेपणाची नऊ. सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसात एका गटातली किमान पाच भरावी लागतात, लहान मुलांत सहा. प्रत्येक लक्षण दोनदा विचारलं जात होतं, आत्ताचं आणि लहानपणीचं. 'मी विसराळू आहे' हे उत्तर मॅडम लिहूनच घेत नव्हत्या. काय विसरलात? कधी? त्यानं कुणाचं काय अडलं? मी सांगितलं, की धाकट्याच्या शाळेची फी भरायची तारीख मी फ्रिजवर चिकटवते, रोज बघते आणि तरी ती टळते. त्यांनी विचारलं, "बघता तेव्हा मनात काय येतं?" असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "वाचलं जातं, पण ते माझ्यासाठी लिहिलंय असं वाटतच नाही." त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

लहानपणाचं आई सांगत होती. "किटली देऊन दुधाला पाठवली, तर ही घाटावर नदी बघत उभी. तास झाला तरी पत्ता नाही. हिचा भाऊ वांड, झाडावर चढायचा, पण सांगितलेलं काम करून यायचा. हिचा कुणाला त्रास नव्हता, डॉक्टरीणबाई. गप बसायची." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच राहून गेलं." वांड पोराच्या आईबापांना शाळा बोलावून घेते. तंद्रीत बसणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर आणून बसवतात आणि विषय मिटतो. मुलींमधलं एडीएचडी उशिरा कळण्यामागे हे मोठं कारण आहे.

बोलता बोलता आई एकदम थांबली. "मग मी हिला उगाच मारलं म्हणायचं." खोलीत कुणी बोलेना. मॅडमनी तिला सावकाश सांगितलं, की हे संगोपनातल्या चुकीनं होत नाही, यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हिचे वडील अगदी अस्सेच होते." वडिलांच्या कापडदुकानातली उधारी कधी वेळेवर वसूल झाली नाही. गावानं त्यांना आळशी म्हटलं आणि ते तसेच गेले. तपासणीत मला सगळ्यात जास्त दुखलं ते तिथे.

बाकीचं लवकर उरकलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ची रक्ततपासणी झाली. संगणकावर अक्षरं झळकत राहतात, एक्स सोडून प्रत्येकाला बटण दाबायचं, अशी एक कंटाळवाणी चाचणी झाली. तिच्या एकटीवर निदान ठरत नाही, हेही मॅडमनी आधीच सांगितलं होतं. रक्ताची किंवा मेंदूच्या स्कॅनची एखादी तपासणी करून एडीएचडी आहे की नाही हे सांगता येत नाही. ते माणसाशी नीट बोलूनच ठरवावं लागतं, म्हणून ऐकणाऱ्याकडे वेळ असणं सगळ्यात महत्त्वाचं.

निदान झालं: मुख्यतः अवधानाच्या न्यूनतेचा प्रकार आणि सोबत चिंता. रक्तदाब, नाडी बघून, घरात हृदयविकार आहे का ते विचारून मिथाइलफेनिडेट सुरू केलं. ते औषध कडक नियमांखाली येतं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि पुष्कळ दुकानांत ठेवतही नाहीत, त्यामुळे नवऱ्याला बरीच पायपीट झाली. गोळीनं हिशेब आपोआप होत नाहीत. पण खातेवही उघडली की मी तिच्यापाशी टिकते, आणि महिन्याची जुळवणी १९ तारखेच्या कितीतरी आधी होते. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, याचा दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो का. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. शाळेतल्या मुलांना तरी असा दाखला मिळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाचताना ज्यांना आपलंच कुणी आठवलं असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रील बघून स्वतःवर शिक्का मारू नका आणि एका डॉक्टरनं उडवून लावलं म्हणून गप्पही बसू नका. तुमचं लहानपण पाहिलेली माणसं आज आहेत, ती कायम असणार नाहीत. त्यांना बरोबर घेऊन जा. खासगीत खर्च झेपणार नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. कुठे जावं हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो विनाशुल्क आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.