ध्रुवपदाच्या आधी

मामाबद्दल आता घरात तीनच गोष्टी सांगतात. फ्रेंच शिकायला तो कात्रजहून रानडे इन्स्टिट्यूटला जायचा आणि परतीच्या बसमध्ये क्रियापदांची रूपं पुटपुटायचा, तेव्हा कंडक्टरने 'काका, बरं वाटत नाही का?' असं विचारलं होतं, ही पहिली. चहात साखर जास्त पडली की 'ओ ला ला' म्हणायचा, ही दुसरी. तिसरी त्याच्या लग्नातली आहे आणि मामी स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कुणी ती काढत नाही. माणूस गेला की नातेवाईक त्याचं असं ध्रुवपद करून टाकतात. आटोपशीर, सगळ्यांना म्हणता येईल असं. त्याच्या आधीचं संथ, पाल्हाळिक जे काही असतं ते कुणी मुद्दाम गाळत नाही, पण म्हणतही नाही.

हे सुचलं ते त्याच्याच गाण्यामुळे. 'ले फय मॉर्त', म्हणजे वाळकी पानं. शब्द कवी जाक प्रेव्हेरचे, चाल जोसेफ कोस्माची. कोस्मा बुडापेस्टचा, ज्यू. 1933 साली तो पॅरिसला आला आणि पुढे जर्मनांचा अंमल असताना त्याला स्वतःच्या नावाने संगीत देण्याचीही बंदी झाली. लढाई संपल्यावर 1945 मध्ये एका बॅलेसाठी त्याने ही धून बांधली. प्रेव्हेरचे शब्द तिला पुढच्या वर्षी मार्सेल कार्नेच्या सिनेमासाठी मिळाले. त्यात ईव्ह मोंतां नावाचा नवखा पोरगा नायक होता. सिनेमा आपटला, गाणं मात्र जगभर गेलं. मोंतांने ते जन्मभर गायलं. मामाकडे त्याचीच कॅसेट होती, वापरून वापरून आवाज जड झालेली.

मोंतां सुरुवातीला गातच नाही म्हणा ना. मुखडा यायच्या आधी कितीतरी वेळ तो समोर बसलेल्या कुणाशी बोलावं तसं जुन्या दिवसांबद्दल सांगत राहतो. मग ती प्रसिद्ध ओळ येते. पन्नासच्या सुमारास अमेरिकेत जॉनी मर्सरने गाण्याला इंग्रजी शब्द दिले, 'ऑटम लीव्हज', तेव्हा हा बोलण्याचा भाग त्याने सरळ वगळला आणि मुखडा तेवढा ठेवला. जग जे गुणगुणतं ते बहुतेक तेवढंच. एडिथ पियाफने ते दोन्ही भाषांत गायलं. 1955 मध्ये रॉजर विल्यम्सने शब्दही काढून टाकले, नुसत्या पियानोवर वाजवलं, आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी नॅट किंग कोलने ते त्याच नावाच्या सिनेमासाठी गायलं. जॅझवाल्यांनी तर त्याचा कच्चा माल केला. 1961 मध्ये सेर्ज गॅन्सबूरने या गाण्यावरच एक वेगळं गाणं लिहिलं, म्हणजे बघा.

मला वाटायचं, मामा मर्सरवर चिडेल. तो चिडत नसे. गीतरामायणाचं उदाहरण द्यायचा. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली माडगूळकरांची छप्पन्न गीतं नंतर हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत अशा किती भाषांत गेली, पण चाली बाबूजींच्याच राहिल्या. तिथे चाल ही मालकीण आणि शब्द भाडेकरू, त्यांनी जागेत मावेल एवढंच सामान आणायचं, असं त्याचं म्हणणं. स्वतः मात्र त्याने या गाण्याचं मराठी कधी केलं नाही. मी मागे लागलो तर म्हणायचा, 'कात्रजला हे गाणं रडत नाही रे.' त्याचा मुद्दा खरा होता. तिकडे पानं गळतात ती थंडी यायच्या आधी, आणि पुढे नुसती थंडी. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. रविवारी सकाळी आम्ही जुन्या घाटाकडे चालायला जायचो तेव्हा सागाची मोठमोठी पानं पायाखाली मोडायची आणि त्याच वेळी उतारावर गिरिपुष्प गुलाबी झालेला, पांगारा लाल. विरहाला तिथे वेळच मिळत नाही.

येताना तलावाशी थांबणं ठरलेलं. इथून नानासाहेब पेशव्यांनी शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळाने पाणी नेलं, मध्ये उच्छ्वास कसे ठेवले, हे तो दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सांगायचा. कंटाळवाणं होतं. आता वाटतं, मुखड्याआधीचं बोलणं ते हेच.

त्याचं पोट भाषेवरच चालायचं, पण त्यात कविता नव्हती. पंप, झडपा, कॉम्प्रेसर यांची माहितीपत्रकं फ्रेंचमधून इंग्रजीत आणायची आणि कारखान्यांची पत्रं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये न्यायची. टाइपरायटर इंग्रजी. फ्रेंच अक्षरांवरच्या तिरक्या रेघा त्यावर उमटायच्या नाहीत. मग पत्र पूर्ण झालं की कागद काढून तो खिडकीशी बसायचा आणि बारीक निबेच्या पेनाने एकेका अक्षरावर रेघ द्यायचा. उजवीकडे झुकलेली, डावीकडे झुकलेली, मधेच टोपी. सी अक्षराच्या खाली येणारी शेपटी काढायचं काम माझ्याकडे होतं. जीभ बाहेर काढून मी ती काढायचो, तो टीपकागद दाबायचा. शाई फाकली तर रागवायचा नाही. अख्खं पान पुन्हा टाइप करायचा, आणि ती शेपटी काढायला परत मलाच बोलवायचा. ही गोष्ट मी घरात सांगून पाहिली. 'बरं, मग?' असं माझ्या मावसभावाने विचारलं. मग काही नाही. एवढीच आहे.

मामा गेल्या माघात गेला. तेराव्याला जेवणं झाल्यावर भाचरांपैकी कुणीतरी 'मामाआजोबांचं गाणं' म्हणून फोनवर नॅट किंग कोल लावला. मी उठून मोंतां लावला. तो बोलायला लागला तसे दोघेतिघे मुखड्याची वाट बघून बाहेर गेले. पुतणीने मामीला विचारलं, तुला कुठलं आवडतं? मामीने रॉजर विल्यम्स सांगितला.

'अगं, त्यात तर शब्दच नाहीत.'

'तेच म्हणते,' मामी म्हणाली. 'चाळीस वर्षं यांनी मला प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितलाय. पानसुपारीचं तबक आण इकडे.'