मिनकी

बीडच्या मोंढ्यात आडत चालवणाऱ्या एका मारवाडी जैन कुटुंबात अडीच वर्षांच्या नातीसाठी बोलते ॲप आणले गेले. पडद्यावर मांजर आले. नात आनंदाने ‘मिनकी’ म्हणाली. यंत्राला ‘कॅट’ हवे होते. ते गोड आवाजात पुन्हापुन्हा विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी मांजर दिसताच नात गप्प झाली. आजींना ते सर्वांत आधी जाणवले.

बालवाडीच्या प्रवेशाची धास्ती असलेल्या सुनेचे चुकले असे कोण म्हणेल? सासऱ्यांनी मात्र धान्य पारखावे तशी ॲप पारखायला घेतली. गूगलचे ‘रीड अलाँग’ मराठी ऐकते, पण ते वाचू लागलेल्या मुलांसाठी. मारवाडी त्यातही नाही.

पुढे सुनेनेच पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगाविषयी वाचले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ध्वनी समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून उमगले. पडद्यावरून मुळीच नाही. तेव्हाचा पडदा उत्तर देत नव्हता, हे खरे. पण आजचा तरी ‘मिनकी’ला कुठे उत्तर देतो?

जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक पडदा नको म्हणते. या घरात पंधरा मिनिटे ठरली, तीही आजींच्या मांडीवर. यंत्र ‘कॅट’ म्हणते, आजी ‘मिनकी’. दुकानातले हमालमामा ‘मांजर’ म्हणाले, की नात हसून त्यांनाच दुरुस्त करते.