रेवदंड्याला संपणारा रस्ता

आपल्या मराठी वर्गातला सगळ्यांत म्हातारा विद्यार्थी मीच. माझा जन्म दिमोनाचा. घरात आईबाबा मराठी बोलत आणि आम्ही भावंडं हिब्रूत उत्तरं देत असू. पन्नाशी उलटल्यावर मी 'अ आ इ ई' गिरवायला का बसलो, असं वर्गातल्या मुलांनी मला विचारलं होतं. त्याचं उत्तर एका रस्त्यात आहे.

लहानपणी झोप येत नसली की बाबा गावं मोजायचे. अलिबाग, कुरूळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. मी विचारायचो, "पुढे?" ते म्हणायचे, "पुढे पाणी." आणि कूस बदलायचे.

शेवटच्या आजारात बाबा हिब्रू विसरले. नर्स काही विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि मी दोघांच्या मध्ये मुका उभा. एक वाक्य ते रोज म्हणत, "होडी आली का रे?" मला 'होडी' हा शब्दच ठाऊक नव्हता. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो. ते गेल्यावर सात दिवसांच्या दुखवट्यात मावशीला विचारलं, तेव्हा सगळं कळलं.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, मुरुडला दिली होती. रेवदंडा आणि मुरुड यांच्या मध्ये कुंडलिका नदीची खाडी. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. पलीकडे साळावला होडीने उतरायचं आणि पुढची वाट धरायची. 1965 च्या पावसाळ्यात बाबांचं इस्रायलला यायचं ठरलं. बहिणीचा निरोप घ्यायला ते रेवदंड्याच्या धक्क्यावर दोन दिवस बसून राहिले. खाडी खवळलेली, होडी सुटेना. रोह्याकडून वळसा घालून जायला ना पैसे होते, ना दिवस. तिसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले. पुढे बहीणभावाची भेट झाली नाही. आत्या 1979 साली वारली.

म्हणून मी वर्गात आलो, आणि दोन वर्षांनी त्या रस्त्यावर गेलो.

अलिबागला 'इस्रायल आळी' आहे. तिथली मशीद (आपली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत) 1848 सालची. थोडं उत्तरेला नवगाव. आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असं आपण ऐकत आलो, तो हाच किनारा. तिथून आपले लोक गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' झाले. गावांनीच त्यांना आडनावं दिली: नागावकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर, पेझारकर, रोहेकर.

मी एस.टी.त खिडकीशी बसलो आणि पाट्या वाचत गेलो. कुरूळ. आक्षी. बाबांची यादी समोरून एकेक येत होती आणि मला ती वाचता येत होती! आक्षीला उतरलो. तिथे एक शिलालेख आहे. शके 934, म्हणजे इसवी सन 1012 चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. ती अक्षरं मला लागली नाहीत. पण ज्या भाषेला मी घरातली भाषा म्हणून टाळलं, ती हजार वर्षांपूर्वी या वाटेवर दगडात कोरलेली होती, हे पाहून मान खाली गेली.

नागावपासून दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मग चौल. एकेकाळचं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. पुढे पोर्तुगीज आले, त्यांच्या कोटाच्या भिंती रेवदंड्यात अजून उभ्या आहेत. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. रेवदंड्याची आपली 'बेथ एल' मशीद 1842 ची. अलिबागहून इथवर सतरा किलोमीटरच्या आसपास. बाबांचा रस्ता इथे संपत होता.

खाडीपलीकडची दुनिया वेगळी होती. इंग्रजी अमलात अलिबाग कुलाबा जिल्ह्यात, तर मुरुड सिद्दीच्या जंजिरा संस्थानात. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि राज्य एक झालं, तरी खाडी आडवीच राहिली. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस ते रेड्डी अशा सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली, आणि त्याच दशकात खाडीवर पूल झाला. आज हा रस्ता राज्याच्या सागरी महामार्गात मोडतो. जिथे बाबा दोन दिवस बसले, ते पाणी माझ्या एस.टी.ने दोन-तीन मिनिटांत ओलांडलं. आत्या जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती!

मग कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मुरुड. आत्याचं घर आता नाही, तिथे लॉज आहे. शेजारी सत्तरीच्या एक बाई भेटल्या. मी अडखळत मराठीत विचारलं, तशा म्हणाल्या, "शनवार तेल्यांचं घर ना? हेच. तुमच्या आत्याला लिहितावाचता येत नव्हतं. इस्रायलची पत्रं मीच वाचून दाखवायचे, शाळेत होते तेव्हा. प्रत्येक पत्रात शेवटी एकच, होडी सुटली नाही, राग धरू नको."

"आणि आत्या काय म्हणायची?"

"हसायच्या. म्हणायच्या, वेडा आहे, पावसात होडी कुठे सुटते? राग कसला?"

हे बाबांना कोणी कळवलं होतं का, ते त्या बाईंना आठवत नव्हतं. बाबांनी अखेरपर्यंत होडीची वाट पाहिली, म्हणजे बहुधा नाहीच.

मुलांनो, तुमच्या आडनावातलं गाव नकाशात शोधा. तिथे जाणारा रस्ता घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि मराठीतच विचारा. मी बाबांना "पुढे?" हे हिब्रूत विचारत होतो. मराठीत विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी कूस बदलली नसती.