दुतोंडी तार

मराठीत ‘दुतोंडी’ हे विशेषण आजवर कोणाला मानवलेले नाही. मांडुळाला ते चिकटले आणि त्या निरुपद्रवी प्राण्याच्या जिवावर उठले. माणसाला चिकटले तर त्याच्यासमोर लोक जपून बोलू लागतात. तरीही एका दुतोंडी वस्तूविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. ही वस्तू म्हणजे वीतभर लांबीची एक तार. तिच्या एका टोकाला एक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन. म्हणजे तोंडे तीन झाली, पण बाजारात तिला कोणी तितोंडी म्हणत नाही. स्प्लिटर म्हणतात, किंवा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारावरून वाय-केबल.

आम्ही म्हणजे कुंभकोणमला नोकरीनिमित्त येऊन पडलेले तिघे. एक बँकेत, एक रेल्वेत, एक विम्यात. संध्याकाळ फुरसतीची, वाद्यांची हौस जुनी. त्यामुळे पुण्याहून एका पुतण्याचा वापरातून गेलेला लहान सिंथेसायझर आला आणि वर्गणी काढून घेतलेली मॉड्युलर यंत्राची एक पेटीही त्याच्या शेजारी येऊन बसली. मॉड्युलर म्हणजे सुट्या विभागांचे वाद्य. नाद निर्माण करणारा विभाग वेगळा, तो गाळणारा वेगळा, लहानमोठा करणारा वेगळा. या विभागांचा एकमेकांशी मुळीच परिचय नसतो. तो करून द्यायचा तो तारांनी. सिंथेसायझरच्या पट्टीवर आम्ही स्वर दाबावा आणि पेटीतील दोन नादविभागांनी तो एकाच वेळी उचलावा, एकाने मध्य सप्तकात, दुसऱ्याने खर्जात, एवढीच आमची आकांक्षा होती. तिच्यासाठी हवी होती ही दुतोंडी तार.

‘वाय-केबल द्या’ असे म्हटल्यावर दुकानदार जी देतो ती बहुधा दोन मित्रांनी एकाच फोनवरचे गाणे दोन कर्णयंत्रांनी ऐकावे यासाठी केलेली असते. दिसायला तिन्ही प्रकारच्या तारा सारख्याच. फरक आहे तो पिनेच्या अंगावरच्या काळ्या कड्यांत. एक कडे असेल तर पिनेचे दोन भाग होतात, टोक आणि नळी; ही एकसुरी, म्हणजे मोनो पिन. दोन कडी असतील तर मध्ये एक धातूचा पट्टा येतो आणि भाग तीन होतात, ही स्टीरिओ. आता पहिल्या प्रकारच्या तारेत एक मोनो पिन दोन मोनो पिनांना जोडलेली असते आणि एकच संदेश दोघांना मिळतो. दुसऱ्या प्रकारात एक स्टीरिओ पिन फुटून दोन मोनो होतात. डावा आवाज एकीकडे, उजवा दुसरीकडे. तिसरीत एका स्टीरिओच्या दोन स्टीरिओ, ती कर्णयंत्रांची. आमच्या कामाला पहिली. दुसरी आणली असती तर एका नादविभागाला स्वर मिळाला असता आणि दुसरा बहिरा राहिला असता, कारण मोनो भोकात शिरल्यावर मधला पट्टा नळीला, म्हणजे शून्याला टेकतो. उलट सिंथेसायझरच्या स्टीरिओ भोकात पहिली तार खुपसली तर उजवा आवाज तिथेच जमिनीला मिळतो. म्हणून तारेची निवड तारेकडे पाहून करावयाची नसते. ज्या भोकातून संदेश निघतो आणि ज्यात तो शिरतो त्या दोन्ही भोकांची आधी चौकशी करावी लागते. सोयरिकीचाही रिवाज हाच.

या पिनेचे घराणे जुने आहे. एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रांत बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याशी जोडण्यासाठी ती जन्मली. तिची जाडी 6.35 मिलिमीटर. 1964 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपले सुट्या विभागांचे वाद्य लोकांपुढे आणले तेव्हा तीच पिन घेतली. पुढे जर्मनीत डीटर डोप्फर यांनी 1995 च्या सुमारास जी लहान घडण रूढ केली, तीत 3.5 मिलिमीटरची बारीक पिन आली. आमची पेटी त्याच घडणीची. आपल्या देशात हा प्रकार नवा आहे असे कोणी समजू नये. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचे यंत्र येऊन पोहोचले होते. गीता साराभाई यांच्या पुढाकाराने डेव्हिड ट्यूडर हे अमेरिकन संगीतकार ते मांडून देण्यास आले, आणि साराभाईंसह काही भारतीयांनी त्यावर रचना केल्या. त्या ध्वनिफिती कितीएक वर्षे कपाटात पडून होत्या. 2023 मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. आपल्या मंडळींनी तारा उलटसुलट घालून ऐकल्याला अर्धशतक उलटून गेले, आणि तरीही दुकानात वाय-केबल मागितली की कर्णयंत्राचीच मिळते.

तार आली, तेव्हा आमच्यात पहिला प्रश्न निघाला तो वाटणीचा. एकाचे दोघांना दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच येणार ना? कुंभकोणममध्ये राहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न यावा हे स्वाभाविकच. हे गाव कावेरी आणि अरसलार यांच्या मध्ये वसले आहे, आणि अरसलार ही कावेरीचीच फुटलेली शाखा. जे पाणी अरसलारला गेले ते कावेरीला उरले नाही; शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु रेल्वेतील आमच्या स्नेह्यांनी सांगितले की विद्युद्दाबाचा स्वभाव पाण्याच्या वाटणीसारखा नसून दिव्यासारखा आहे. येथून जवळच नाच्चियारकोविल येथे पितळी समया घडवतात. त्या समईची एक वात पेटवून तिच्यावर दुसरी पेटवावी, पहिलीचा उजेड निम्मा होत नाही. तसाच एका भोकातील पाच व्होल्ट दाब दोन तारांतून दोघांपर्यंत जवळजवळ पाच व्होल्टच राहून पोहोचतो.

‘जवळजवळ’ या शब्दात सगळी गोम आहे. वाती पेटवताना जी झुळूक लागते तिचा हिशेब समई ठेवत नाही, स्वर ठेवतो. मूग यांनी घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणे एका व्होल्टला एक सप्तक, म्हणजे बारा अर्धस्वर. म्हणून एक अर्धस्वर म्हणजे सुमारे 83 सहस्रांश व्होल्ट. पुष्कळ यंत्रांत देणाऱ्या भोकापाशी 1000 ओहमचा रोध असतो आणि घेणाऱ्याचा रोध 1 लाख ओहम. घेणारा एकच असेल तर शंभरातील सुमारे एक अंश वाटेत खर्च होतो. यंत्र सुरात लावताना तो भरून काढलेला असतो. दुसरा घेणारा जोडला की दोघांचा मिळून रोध 50 हजारांवर येतो आणि खर्च दुपटीच्या जवळ जातो. पाच व्होल्टांवर ही नवी तूट होते सुमारे 48 सहस्रांश व्होल्टची, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराहून थोडी जास्त. आपल्या शास्त्रकारांनी सप्तकाच्या बावीस श्रुती मानल्या. त्यांची सरासरी घेतली तर ही तूट एका श्रुतीहून किंचित अधिक भरते. एक व्होल्टावर ती याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. म्हणजे खालचे स्वर ठीक लागतात आणि वर जावे तसतसे सप्तक आखडत जाते.

प्रयोगादाखल आम्ही तशी जोडणी करून ऐकली. दोन्ही नादविभाग एकत्र वाजले आणि आम्हां तिघांना काहीच खटकले नाही. खटकणार कसे, दोघे सारखेच उतरले होते. परस्परांशी ते पूर्ण सुरात होते. शेजारच्या आजी मात्र दारातूनच थबकल्या. त्यांचे घराणे तंजावरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आलेले. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापले आणि 1855 पर्यंत ते चालले, त्या पावणेदोनशे वर्षांतले. त्यांची मराठी आम्हांस समजते, आमची त्यांना. जे समजत नाही ते हसण्यात निभावते. त्या घरात अभंग चालतात, ते विजेच्या श्रुतिपेटीवर आणि कर्नाटक पद्धतीने. आजी आत आल्या, आपली श्रुतिपेटी आमच्या मेजावर ठेवून त्यांनी षड्ज लावला, आणि तारसप्तकातला आमचा स्वर किती खाली पडला आहे हे बहिऱ्यालाही कळले असते. बदलीच्या गावी आपल्याच मंडळींत बसणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपण एकमेकांशी सुरात आहोत एवढ्यावरून आपण सुरात आहोत असे होत नाही. त्यासाठी बाहेरचा षड्ज लागतो.

यावर उपाय आहे तो ‘बफर’ नावाच्या विभागाचा. तो देणाऱ्याकडून जवळजवळ काहीच घेत नाही, आणि पुढच्या प्रत्येक तारेला आपल्या पदरचे बळ देऊन तोच दाब पुढे पाठवतो. स्वराचा संदेश दोघांना द्यावयाचा असेल तर हा विभाग घ्यावा. केवळ ‘वाज’ किंवा ‘थांब’ एवढेच सांगणारा संदेश असेल तर साधी दुतोंडी तार पुरते. होय आणि नाही यांत श्रुतीची तूट दिसत नाही. ध्वनीच्या वाटणीलाही ती बहुधा चालते.

मात्र तीच तार उलटी धरू नये. दोन पिना दोन देणाऱ्या भोकांत आणि एक घेणाऱ्यात असे केले तर पिना हरकत घेत नाहीत, निमूट बसतात. परंतु आता दोन यंत्रे एकाच तारेवर आपापला दाब राखू पाहतात. मध्ये रोध असेल तर दोघांची सरासरी निघते आणि कोणाचेच म्हणणे पुरते ऐकू येत नाही. रोध नसेल तर एकाची वीज दुसऱ्यात शिरते आणि आतील भाग तापतात. वाटणे ही तारेची करामत. मिळवणे हे मिक्सरचे काम. मिक्सरमध्ये प्रत्येक जण आपापल्या रोधातून येतो, आणि जेथे सगळे भेटतात तो बिंदू शून्यावर राखलेला असतो. म्हणून तेथे कोणी कोणाला ढकलत नाही.

आजींचे अभंग ऐकताना आम्हांस हे पुनःपुन्हा आठवते. या भागात मराठी कीर्तन आले, साकी आणि दिंडी आली. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मोरगावकर बुवांच्या कीर्तनातून बोध घेऊन तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि आजही तमिळ कथेकरी त्या चालींना त्याच नावांनी ओळखतात. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला विठ्ठलरखुमाईचे भव्य मंदिर उभे आहे. दोन भाषा येथे एका तारेवर कोंबल्या गेल्या नाहीत. प्रत्येकीने आपला रोध शाबूत ठेवला, आणि त्या भेटल्या त्या देवाच्या दारी, जेथे दोघींनाही आपला दाब गाजवावयाचा नव्हता.

राहता राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. तार घेण्यास चेन्नईच्या रिची स्ट्रीटला जावे लागले तर खिशात मल्टिमीटर असावा आणि टोकाला टोक, नळीला नळी लागते ना हे तिथेच पाहावे. वेष्टनावरील मजकुरावर विसंबू नये. लांबी लागेल तेवढीच घ्यावी. कावेरीकाठच्या दमट हवेत पिना काळवंडतात, तेव्हा महिन्याकाठी त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून तिचा प्रकार लिहावा. आमच्या चिठ्ठ्या सध्या मराठीत आहेत. आजींच्या नातवाने त्यांखाली तमिळही लिहिण्यास घेतले आहे, कारण आमची बदली झाली तर ही पेटी त्याच्याकडेच राहावयाची आहे.