गाण्याचे मागणे

भाद्रपदाची पौर्णिमा उगवली, की वऱ्हाडातील घरोघरी भुलाबाई माहेरी येते. बुलढाणा जिल्ह्यातील गावांतही पाटावर भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती बसतात आणि कोजागिरीपर्यंतचा महिनाभर तिन्हीसांजेची वेळ मुलींच्या गाण्यांनी भरून जाते. गाणी असतात आजी-पणजीच्या काळची; परंतु त्यांची घडण मोठी उदार असते. एकाच साच्यातून सासू येते, सासरा येतो, दीर येतो, नणंद येते आणि प्रत्येकाबरोबर एकेक कडवे वाढत जाते. या साखळीचे एक टोक नेहमी मोकळे असते. जिला सुचेल तिने आपली एक कडी त्यात अडकवावी आणि इतरांनी ती लगेच उचलून धरावी. गाणी संपली, की झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखावयाचा. अगोदर शब्द हुडकावयाचा, मग खाऊ. दोन्ही खेळ तसे एकाच जातीचे!

गाणे आतून आपोआप उमलते, कोणी सांगून ते होत नाही, असा एक समज आहे. वर्गात ‘पावसावर कविता करा’ असे सांगितले म्हणजे कितीतरी मुले लेखणीचे टोक चावीत बसतात. कागद कोरा राहतो. मग आपल्या अंगी कवित्व नाही, असे ठरवून ती जन्मभरासाठी मोकळी होतात. हा निवाडा फार घाईचा असतो. कारण जगातील पुष्कळशी गाणी कोणीतरी मागितली म्हणूनच झालेली आहेत.

श्रावणी अमावास्येचा पोळा पाहावा. शिंगे रंगविलेले, झुली घातलेले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभे राहतात आणि शेतकरी झडत्या म्हणू लागतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींची खणखणीत रचना. यमक जुळले पाहिजे, शेवट महादेवाच्या जयघोषात झाला पाहिजे आणि ऐकणाऱ्यांना हसू किंवा चटका यांपैकी काहीतरी मिळाले पाहिजे. एवढ्याच तिच्या अटी. एकाने झडती टाकली, की दुसऱ्याला उत्तर द्यावेच लागते. रुसलेला पाऊस, कपाशीचा पडलेला भाव, सावकाराचे कर्ज, गावातील कारभाऱ्याची ऐट, हे सारे त्यात येते. एरवी ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही, तो त्या दिवशी मोठ्यांनाही दोन खडे बोल ऐकवून जातो. यमकाच्या आडोशाने सत्य बोलण्याची मुभा त्याला मिळालेली असते.

पहाटेच्या जात्याचे मागणे याहून कठोर होते. पायलीभर दाणे दळावयाचे, तर दगडाच्या फेऱ्याला ओवीची जोड हवी. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापांना, तिसरी भावाला, असा क्रम लागला, की पुढचा आकडाच पुढची ओवी मागू लागे. ती गाणारणीला सुचेपर्यंत जाते थांबत नसे. हात दुखत, डोळे भरून येत. परंतु जे कोणापाशी बोलता येत नव्हते, ते जात्यापाशी बोलता येई. शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरींची गाणी घरातील आणि शेतातील कामे करता करताच झाली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने उतरून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. परंतु बहिणाबाईंसारखे नशीब किती जणींचे? हजारो जणींच्या ओव्या जात्यातील पिठाबरोबर संपून गेल्या.

विद्वानांच्या सभेतही हीच रीत होती. तिला समस्यापूर्ती म्हणत. श्लोकाचा एक चरण दिला जाई, कधी तर अगदी निरर्थक वाटणारा; आणि कवीने उरलेले तीन असे रचावयाचे, की तो वेडा चरण शहाणा होऊन बसावा.

मागणी आणि मुदत यांच्या कात्रीत केवढे मोठे काम होऊ शकते, याचा दाखला १९५५ साली महाराष्ट्राने ऐकला. पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांच्या योजनेनुसार ग. दि. माडगूळकरांनी आठवड्याला एक गीत लिहावयाचे आणि सुधीर फडक्यांनी त्याला चाल द्यावयाची असे ठरले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, गीतरामायणाचा आरंभ झाला. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे पुढची रामनवमी लांबली आणि गीतांची संख्या ५६ वर गेली. शुक्रवार कोणासाठी थांबत नाही. तरीही त्या गीतांवर घाईची खूण दिसत नाही.

याउलट उदाहरण खुद्द बुलढाणा जिल्ह्यात आहे. कवी ना. घ. देशपांडे १९०९ साली सिंदखेडराजा येथे जन्मले आणि मेहकरला वकिली करीत राहिले. त्यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि घरोघर पोहोचली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या गाण्यांत तिची गणना होते. परंतु कवीने लोकप्रियतेच्या मागे धाव घेतली नाही. ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला, ‘अभिसार’ १९६३ साली आणि ‘खूणगाठी’ १९८५ साली. या शेवटच्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका कवीने वर्षात छप्पन्न गीते दिली, दुसऱ्याने तीन संग्रहांसाठी तीस वर्षे घेतली. दोघांपैकी कोणाचीही चाल चुकीची नव्हती. काही झाडे पहिल्याच पावसाने फुटतात, काहींना पुष्कळ ऋतू पाहावे लागतात.

मागणीला एक धोकाही आहेच. आश्रयदात्याला खूश करण्यासाठी रचलेली कवने दरबाराबरोबरच विरून गेली. यमक जुळले, मात्रा जुळल्या, पण रचणाऱ्याने आपले असे काहीच त्यात घातले नाही. दिलेला विषय हे केवळ रिकामे भांडे असते. पावसावर लिहावयाचे म्हणून पुस्तकातला पाऊस लिहिला, तर भांडे वाजते. पेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या बापाचा चेहरा लिहिला, तर ते भरते.

आता गावोगावी पिठाच्या गिरण्या आहेत. बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, हे फार चांगले झाले. मात्र त्याबरोबर पहाटे गाणे मागणारा दगडही मुका झाला. नवा मागणारा कोठून आणावा? परदेशांत हौशी गीतकारांनी यावर एक उपाय काढला आहे. २००४ पासून दर फेब्रुवारीत, २८ दिवसांत १४ गीते रचण्याचे आव्हान ते स्वीकारतात आणि एकमेकांची गीते ऐकतात. त्यांतील बरीचशी साधारणच निघत असतील. पण चौदा रचली म्हणजे त्यांत एखादे खरे सापडण्याचा संभव असतो, आणि एकही न रचणाऱ्याला तो नसतो.

बुलढाण्याच्या मुलांना तर विषय शोधण्यासाठी दूर जावयास नको. आषाढात पैनगंगेचा पहिला पूर, श्रावणात पोळ्याची झूल, आश्विनात भुलाबाईची पाठवणी, कार्तिकात कपाशीची वेचणी, चैत्रात लोणारच्या खाऱ्या सरोवरावरचे ऊन. महिन्याला एक विषय, एक चाल आणि ऐकणारे दोन सोबती पुरेत. पहिली चार गाणी अडखळतील. पाचव्यात कदाचित घरातले, बोलीतले, आजवर कोणी न लिहिलेले एखादे वाक्य येऊन बसेल, आणि सोबत्यांपैकी एक जण म्हणेल, “पुन्हा म्हण!”