बंद पेटीचा परवाना

इंग्लंडात घरी दूरचित्रवाणी पाहावयाची असेल तर परवाना काढावा लागतो, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना तो थट्टेचा विषय वाटतो. वस्तुतः आपल्याही देशात रेडिओ ठेवणाऱ्यास टपाल कार्यालयातून परवान्याचे पुस्तक घ्यावे लागे आणि दर वर्षी त्यात तिकिटे लावून शिक्का मारून आणावा लागे. आमच्या घरी ते पुस्तक घरपट्टीच्या पावत्यांसोबत पत्र्याच्या पेटीत असे. १९८०च्या दशकात आपल्या सरकारने ही पद्धत मोडीत काढली. इंग्लंडात मात्र १ नोव्हेंबर १९२२ रोजी दहा शिलिंग फी घेऊन रेडिओसाठी सुरू झालेला परवाना १९४६ साली दूरचित्रवाणीला लागू झाला आणि आजतागायत चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वार्षिक फी १७४.५० पौंड, म्हणजे महिन्याकाठी साडेचौदा पौंडांच्या घरात गेली. हा पैसा मुख्यत्वे बीबीसीच्या खर्चासाठी जातो.

मी या विषयाकडे वळलो तो एका पत्रामुळे. वसईतील आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी गेली काही वर्षे इंग्लंडात परिचारिका आहे. तिच्या घरी दूरचित्रवाणीचा संच नाही. तरीही परवाना नसलेल्या प्रत्येक पत्त्यावर जाते तशी सूचनापत्रे तिच्याही दारी येऊ लागली. पाकिटावर नाव नाही, नुसते 'कायदेशीर रहिवासी'. आत चौकशीची व न्यायालयाची भाषा. परक्या देशात कष्टाने राहण्याचा हक्क मिळवलेल्या माणसाच्या पोटात अशा पत्राने गोळा येतो. यजमान म्हणतात, फाडून टाक, कोणी भरत नाही. सासूबाई म्हणतात, भरून टाक, सरकारशी वाकडे नको. आणि ती स्वतः विचारते, ''फादर, न भरणे हे पाप आहे का?'' हा प्रश्न पापनिवेदनात नव्हे, पत्राने विचारलेला आहे आणि तिच्या संमतीनेच येथे मांडतो आहे.

कैसराच्या नाण्याचा प्रसंग अशा वेळी हटकून आठवतो. परंतु तो आपण फार घाईने वाचतो. प्रभू येशूने उत्तर देण्याआधी नाणे मागून घेतले आणि त्यावर कोणाची मुद्रा आहे हे विचारले. आधी वस्तुस्थिती, मग सद्सद्विवेकबुद्धी. देणे लागते की नाही हेच ठाऊक नसेल तर ते न देण्यात पाप किती, या चर्चेला अर्थ नाही. म्हणून मी प्रथम तेथील कायदा वाचला.

कायदा २००३ सालचा आहे आणि समजायला वाटतो तितका कठीण नाही. तो संच घरात आहे की नाही हे विचारत नाही; त्यावर काय पाहता हे विचारतो. कोणत्याही वाहिनीवरील कार्यक्रम प्रक्षेपित होत असतानाच पाहिला किंवा ध्वनिचित्रमुद्रित केला तर परवाना हवा. वाहिनी बीबीसीची असो, खाजगी असो वा परदेशातील असो. साधन भिंतीवरचा पडदा असो वा हातातला मोबाइल, त्याने फरक पडत नाही. ''मी बीबीसी पाहतच नाही'' ही सबब म्हणून टिकत नाही. याशिवाय बीबीसीच्या आयप्लेअरवर जुना कार्यक्रम मागाहून पाहिला तरी परवाना लागतो. ही तरतूद १ सप्टेंबर २०१६ पासूनची. याउलट नेटफ्लिक्सवरील चित्रपट, यूट्यूबवरील मुद्रित चित्रफिती, डीव्हीडी, अन्य वाहिन्यांचे मागाहून पाहिलेले भाग आणि रेडिओ यांना परवान्याची गरज नाही. ज्या घरात एवढेच चालते त्या घरात चाळीस इंची संच असला तरी फी देय नाही. 'आम्हांस परवान्याची आवश्यकता नाही' असे कळवण्याची सोय आहे. ते कळवणे कायद्याने बंधनकारक नाही, पण कळवले तर पत्रे काही काळ थांबतात. चौकशीसाठी कोणी दाराशी आले तर न्यायाधीशाच्या झडतीपत्राशिवाय त्याला घरात शिरण्याचा अधिकार नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या भगिनीला ठाऊक नव्हती. तिच्या भीतीचा अर्धा भाग तेवढ्या एका वाक्याने उतरला, असे तिने नंतर कळवले.

ती रविवारी आपल्या वसईच्या धर्मग्रामातील मराठी मिस्सा यूट्यूबवर पाहते. मिस्साबलिदानात प्रत्यक्ष सहभागी होण्याची जागा तेथील चर्च होय आणि ती तेथेही जाते, हे सांगून ठेवतो. वसईची मिस्सा सासूबाईंसाठी असते. आपल्याकडे सकाळी सातला घंटा वाजते तेव्हा तेथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. साहजिकच त्या नाश्त्यानंतर मुद्रित मिस्सा पाहतात. त्याला परवाना नको. तेथवर घर निर्दोष होते.

मग मी विचारले, मराठी मालिका? त्याही दुसऱ्या दिवशी. आणि क्रिकेट? या प्रश्नाचे उत्तर यायला चार दिवस लागले. यजमान सामने मोबाइलवर पाहतात, आणि क्रिकेटचा सामना कोणी दुसऱ्या दिवशी पाहत नाही.

येथे प्रश्नाचे रूप पालटले. ज्या घरात दूरचित्रवाणी नाही असे तिघेही प्रामाणिकपणे समजत होते, त्या घरात ती खिशात होती. देणे लागत होते.

आता नीतिशास्त्र. सेमिनरीत आम्हांला 'केवळ दंडात्मक कायदा' हे प्रकरण शिकवले गेले होते. काही कायदे मनुष्याला पापाच्या बंधनाने बांधत नाहीत. मोडल्यास दंड मुकाट्याने भरावा, एवढेच ते मागतात, असा तो विचार. त्याचे मूळ डोमिनिकन संघाच्या नियमांत आढळते, कारण मठातील प्रत्येक बारीकसारीक नियमभंगाला पाप ठरवू नये अशी त्या नियमकर्त्यांची इच्छा होती. पुढे अल्फोन्सो द कास्त्रो या स्पॅनिश फ्रान्सिस्कनाने १५५० साली दंडात्मक कायद्यांवर ग्रंथच लिहिला आणि सुआरेझसारख्या थोर येशूसंघीयाने त्याची सूक्ष्म चिकित्सा केली. दहिसरच्या जकात नाक्यावर माल लपवून नेणाऱ्याने पाप केले काय, यावर आमच्या वर्गात एकदा तासभर वाद रंगला होता. त्या वादात सर्वांत उत्साहाने बोलणारे व्यापाऱ्यांच्या घरचे होते, ही गोष्ट मला तेव्हाही लक्षणीय वाटली होती.

हा सिद्धांत मठाच्या नियमांना शोभतो. करांना लावला की तो धनवंतांची पळवाट होतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात न्याय्य कर चुकवणाऱ्यांची स्पष्ट शब्दांत कानउघाडणी केली आणि १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य ठरवले. ही फी म्हणजे कर की सेवेचे शुल्क, अशी शंका कोणी काढील. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २००६ साली तिची गणना करांत केली आहे. तेव्हा यजमानांना माझे उत्तर सरळ होते : सामना पाहायचा असेल तर परवाना काढा, नको असेल तर सामना सोडा. एका परवान्यात सगळे घर येते. सासूबाईंनी मालिका वेळेवर पाहिल्या तरी वेगळे काही द्यावे लागत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मला पटले नाही. त्यांना मंदिराच्या पट्टीचा प्रसंग ठाऊक होता आणि तो त्यांनी पत्रातून माझ्यावर टाकला : पुत्रांवर कर नसतानाही प्रभूने माशाच्या तोंडातील नाणे देववलेच ना? बाईंचा शुभवर्तमानाचा अभ्यास कौतुकास्पद आहे. पण तेथे नाणे दिले गेले ते समोरच्यांना अडखळण होऊ नये म्हणून. परवान्याची गरज नसलेल्या कुटुंबाने तो न काढल्याने कोणीही अडखळत नाही. कायदाच त्याला मोकळे ठेवतो. भीतीपोटी भरलेले पैसे हे दान नव्हे आणि आज्ञापालनही नव्हे. रोज रुग्णांच्या उशापायथ्याशी बारा तास उभे राहून मिळवलेला पैसा असा टाकायला मी कोणाला सांगणार नाही.

या पद्धतीची एक बाजू मला अस्वस्थ करते, तीही लिहितो. विनापरवाना पाहणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे. दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. ज्यांच्यावर खटले होतात त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात. त्या अधिक अप्रामाणिक आहेत म्हणून नव्हे, तर दिवसा दारावरची थाप ऐकायला घरी त्या असतात म्हणून. यांतील पुष्कळ प्रकरणे एकच न्यायाधीश कागदांवरून, आरोपी समोर नसताना निकालात काढतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सर्वांना मिळणारा मोफत परवानाही १ ऑगस्ट २०२० पासून केवळ निवृत्तिवेतनपूरक मदत घेणाऱ्या गरीब वृद्धांपुरता उरला. कर न्याय्य असला तरी त्याच्या वसुलीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे विचारणे ख्रिस्ती माणसाचे कामच आहे.

यजमानांनी शेवटी एकच विचारले : आजवर पाहिलेल्या सामन्यांचे काय? जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी महिने मोजले असते. कायदा ठाऊक नसताना जे झाले त्याचे पाप मानू नये, असे मी लिहिले. पण जे देणे राहिले त्याचा अंदाज करून तेवढी रक्कम त्यांनी तेथील धर्मग्रामाच्या गरीब निधीत घालावी, असे सुचवले. त्यांनी ती घातली आणि परवानाही काढला. सासूबाई पुढील वर्षी वसईला परत येतील, क्रिकेटचा मोसमही संपेल. तेव्हा गरज उरली नाही तर परवाना रद्द करून उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात, हेही मी त्याच पत्रात कळवले.